एक्सायटेबल म्हणजे रागीट का? उर्दू मीडियमच्या पोरांना कसं सांगू?

शिकवणीवाली_ताई: मालेगावात उर्दू मीडियमच्या नववीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेते, माझं उर्दू कामापुरतंच. काल धड्यात 'एक्सायटेबल' आला, एकीने डिक्शनरी बघून 'मुश्तइल मिजाज' लिहिलं, मग सगळ्यांनी तेच उतरवलं. पण धड्यातलं कुत्र्याचं पिल्लू तर शेपूट हलवत घरभर पळतंय, ते कशाला चिडेल? पोरं म्हणतात टीचर, पिल्लू गुस्सेवाला है. आता काय सांगू?

जुनापुराणा: डिक्शनरी अर्धीच बरोबर आहे ताई. मुश्तइल म्हणजे भडकलेला, अरबीत त्याचं मूळ पेटण्याचं, शोला त्यातलाच आणि आपल्या मराठीतली मशालही त्यातलीच. त्यामुळे उर्दूवाल्याच्या डोक्यात लगेच राग, दंगा, जमाव असलं काहीतरी येतं. इंग्रजी शब्दात आग नाहीये, लॅटिनमधलं मूळ उठवणं, चाळवणं एवढंच. माणूस आनंदाने चाळवेल, भीतीने चाळवेल, रागानेही चाळवेल, लवकर चाळवतो हे महत्त्वाचं. शरीरशास्त्रात तर नसांच्या आणि स्नायूंच्या पेशींनाही एक्सायटेबल म्हणतात, आता पेशीला कुठला आलाय राग!

रेवडी_खाणारा: मग 'जज्बाती' सांगा की, सोप्पं.

जुनापुराणा: नाही जमत. जज्बाती माणूस गप्प बसून रडेल पण, एक्सायटेबल गप्प बसतच नाही. तुनकमिजाज म्हणजे जरा बोललं की फुगणारा, जूदरंज म्हणजे पटकन मनाला लावून घेणारा, हे वेगळे आणि मग्लूब-उल-गजब तर रागापुढे हरलेला, तो इंग्रजीत इरॅसिबल. बघा, चिडक्यांसाठी उर्दूत दुकान भरलंय, खुशीने उड्या मारणाऱ्यासाठी एक धड शब्द सापडत नाही मला. 'जल्द जोश में आनेवाला' असं लांबलचक सांगा, चालतंय.

पित्तप्रकृती: थोडं अवांतर, युनानी वैद्यकवाले चार खिल्त म्हणजे शरीरातले चार रस मानतात, दम बलगम सफरा सौदा, त्यातला सफरा म्हणजे पिवळं पित्त, ते वाढलं की मिजाज सफरावी म्हणजे गरम. इंग्रजीतला कॉलेरिक हा तोच माणूस, ग्रीकमध्ये खोले म्हणजे पित्त आणि आपलंही पित्तच खवळतं!! बाकी मिजाज म्हणजे त्यांच्याकडे नुसता स्वभाव, मराठीत येईपर्यंत त्याची मिजास झाली, पोरांना मराठीतून सांगताना तेवढं सांभाळा.

सासर_नाशिक: एवढं कशाला, मराठीत आहे ना शब्द, चेकाळणं. पाहुणे आले की पोरं कशी चेकाळतात, सोफ्यावरून उड्या, कुणाचं ऐकत नाहीत. लगेच चेकाळतो तो एक्सायटेबल. आणि एक्सायटेड म्हणजे आज, आत्ता, ईदचा नवा ड्रेस आलाय म्हणून, तो उद्या शांत होईल. एक्सायटेबलला ड्रेस नको नि ईद नको, दाराची बेल पुरते. आणि कौतुकाचा शब्द नाही हं तो, मोठ्या माणसाला म्हटलं तर जरा हिणवल्यासारखं वाटतं.

शिकवणीवाली_ताई: बेलचं भारी आहे, वर्गातल्या दोघांची नावं लगेच डोळ्यासमोर आली 😄 मुश्तइल खोडून 'जल्द जोश में आनेवाला' लिहून घेते आणि पिल्लाला चेकाळलेलं म्हणून सांगते, बाजारात मराठी ऐकतात ती, कळेल त्यांना. इरॅसिबल मात्र यावर्षी नाही, आधी याचं स्पेलिंग पाठ होऊदे, निम्म्यांनी सी खाल्लाय.