मदत हवी आहे: आचेच्या तलवारीची मूठ हिंदुस्थानी की तिथलीच?

नमस्कार मंडळी. सुमात्राच्या आचे प्रांतातली एक जुनी 'पेउदेउंग' (तिथली एक प्रकारची तलवार) माझ्या संग्रहात आहे. तिथल्याच 'सिकिन पांजांग' या दुसऱ्या तलवारीचं पातं सरळ नि एकधारी असतं, मूठ लाकडाची किंवा शिंगाची. ही अगदी वेगळी. पातं किंचित वाकडं, मूठ लोखंडी, टोकाला आपल्या तलवारीसारखी गोल तबकडी, मधोमध बोंडी. म्यान मात्र स्थानिक वाटतं: लाकडाच्या दोन फाळी, पितळी पट्ट्यांनी आवळलेल्या.

गुजरातचे व्यापारी मिरीसाठी आचेला जात आणि १५६० च्या दशकात तिथल्या सुलतानाने तुर्कस्तानच्या उस्मानी दरबाराकडे मदत मागितली होती, त्यामुळे प्रभाव कुठूनही आलेला असू शकतो. राजस्थानी मुठींच्या फोटोंशी ताडून पाहिलं. घडण जुळते, पण तबकडी जास्त खोलगट आहे. पात्यावर छाप किंवा अक्षरं नाहीत.

मूठ लाखेने बसवलेली असल्याने तापवून काढणार नाही. गंजही घासलेला नाही. विकायची नाही, त्यामुळे किंमत नको.

मूठ न उघडता, ती हिंदुस्थानातून गेलेली की आचेतच नक्कल करून घडवलेली, हे सांध्यावरून किंवा तबकडीवरून ओळखता येईल का? नेमक्या कोणत्या भागाचे जवळून फोटो टाकू?