कोरियातल्या ऑफिसात वागायचं कसं? चांगवॉनला जाते आहे, सल्ला हवा

तगर:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामासाठी चांगवॉनला जायचं आहे, तीन-चार महिन्यांचा मुक्काम. मी क्वालिटीत आहे, त्यामुळे तिथल्या मॅनेजरांशी आणि लाइनवरच्या लोकांशी रोजचा संबंध येणार. पुण्यातल्या प्लांटचे कोरियन साहेब ओळखीचे आहेत, पण ते इथल्या वागण्याला सरावलेत. तिकडे मीच पाहुणी. हाक कशी मारायची, जेवायला नेलं तर काय करायचं, भेटवस्तू न्यावी का? मी शाकाहारी आहे आणि दारू घेत नाही, त्याची जास्त धास्ती आहे. तिथे काम केलेल्यांनी कृपया लिहावं.

कोकणकडा:
अभिनंदन! आधी हाक मारण्याचं सांगतो, सगळ्यात जास्त लोक तिथेच अडखळतात. नुसतं 'मिस्टर किम' म्हणू नका. किम, ली आणि पार्क या तीन आडनावांत चाळीस टक्क्यांहून जास्त लोकसंख्या येते, एकाच खात्यात चार किम असणार. आडनाव, मग हुद्दा, मग आपल्या 'जी'सारखं आदराचं 'निम': किम बुजांगनिम, पार्क ग्वाजांगनिम. उतरंड साधारण सावॉन, देरी, ग्वाजांग, छाजांग, बुजांग अशी चढते आणि त्यावर संचालक मंडळी. जायच्या आधीच जुन्या मेलखालच्या सह्या बघून कोण कुठल्या हुद्द्यावर आहे ते वहीत उतरवून ठेवा. मीटिंगमध्ये कोणाकडे बघून बोलायचं हे त्यावरून ठरतं.

व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, अक्षरं समोरच्याला सरळ दिसतील असं, आणि दोन्ही हातांनीच घ्यायचं. घेतल्यावर लगेच पर्समध्ये टाकू नका. वाचा, मग टेबलावर ठेवा. माणसं ज्या क्रमाने बसलीत त्याच क्रमाने कार्डं मांडली की नावंही चुकत नाहीत. कार्डावर पेनाने काही लिहायचं नाही. आणि लाल शाईने कुणाचंही नाव लिहू नका, तिथे त्याचा संबंध मृत्यूशी जोडतात. क्वालिटीवाल्यांच्या खिशात लाल पेन असतंच, म्हणून मुद्दाम सांगतो.

खोलीत दारापासून लांबची जागा वरिष्ठांची. कुठे बसू, असं विचारून मगच बसा.

हिरवाचाफा:
जेवणाचं मी सांगते, कारण मीही शाकाहारी. टीमच्या रात्रीच्या जेवणाला होएसिक म्हणतात आणि बऱ्याचदा ते मांस भाजायच्या हॉटेलात असतं. ऐनवेळी सांगितलंत तर यजमान ओशाळतो. म्हणून जो तुमची व्यवस्था बघतो त्याला आधीच कळवा, आणि 'शाकाहारी' एवढ्यावर थांबू नका. मांस, मासे, मासळीचं पाणी, यातलं काय चालत नाही ते कोरियनमध्ये लिहून घेऊन फोनमध्ये ठेवा. किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो. साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणीही सुक्या मासळीचं असू शकतं. बिबिमबाप, म्हणजे वर भाज्या घातलेला भात, मांस काढून मिळतो, अंडं चालत नसेल तर तेही सांगायचं.

वरिष्ठांनी चमचा उचलल्याशिवाय सुरुवात करू नका. भातात चमचा किंवा जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) उभ्या खोचू नका, पितरांच्या विधीत तसं करतात.

दारूचं एवढं टेन्शन घेऊ नका. 'मी घेत नाही' हे पहिल्याच वेळी हसून, स्पष्ट सांगा आणि ग्लासात सोडा किंवा ज्यूस घ्या. मात्र दुसऱ्यांना ओतून द्या, बाटली दोन्ही हातांनी धरून. आपला ग्लास आपण भरायचा नसतो, शेजारचा भरतो. ऑफिसातल्या छळाविरुद्धचा कायदा जुलै 2019 पासून लागू झालाय, तेव्हापासून जबरदस्तीने पाजण्याबद्दल लोक बरेच सावध आहेत.

सह्यवारा:
कोकणकडांच्या हुद्द्यांच्या यादीला एक पुरवणी. सगळीकडे ती चालत नाही. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सने 2017 मध्येच हुद्द्याऐवजी नावापुढे 'निम' किंवा 'प्रो' लावायला सुरुवात केली. काकाओ या इंटरनेट कंपनीत तर एकमेकांना इंग्रजी नावांनी हाक मारतात. चांगवॉन हे यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव, तिथे जुनी पद्धतच सापडण्याची शक्यता जास्त. तरी पहिल्या दिवशी कान उघडे ठेवा, ते एकमेकांना जसं बोलावतात तसं बोलवा.

भेटवस्तू एका साहेबाला देण्यापेक्षा सगळ्या खात्यात फिरेल असा एक डबा न्या, काजू किंवा बाकरवडी. सरकारी अधिकारी, शिक्षक आणि पत्रकारांना भेट देण्यावर तिथे सप्टेंबर 2016 पासून कायद्याने कडक मर्यादा आहेत. अशा कुणाशी काम पडलं तर काहीच देऊ नका.

तगर:
खूप आभार सगळ्यांचे. लाल पेन बॅगेतून काढून टाकलं! एक विचारायचं राहिलं. पार्टमध्ये दोष निघाला किंवा दिलेली तारीख पाळणं शक्य नसेल, तर ते कसं सांगायचं? तिथे थेट 'नाही' म्हणत नाहीत असं ऐकलंय.

कोकणकडा:
सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. वाकून नमस्कार थोडा चुकला तरी पाहुणी म्हणून चालून जातं. वाईट बातमी उशिरा कळली तर चालत नाही.

भर मीटिंगमध्ये बुजांगसमोर बॉम्ब टाकू नका. त्या कामाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याला आधी फोन करा किंवा काकाओटॉकवर (तिथलं व्हॉट्सअॅपसारखं मेसेजचं अॅप) कळवा. तो वरती सांगेल, त्याची मान खाली जाणार नाही, आणि मीटिंगपर्यंत निम्मा तोडगाही निघालेला असेल. बरेच निर्णय मीटिंगच्या आधीच झालेले असतात.

समजा कास्टिंगला तडा दिसला. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो, लॉट नंबर, किती नग बाजूला काढले, आणि 'पुढची माहिती दुपारी दोनला देते' एवढं लगेच पाठवा. कारण अजून सापडलेलं नसलं तरी पाठवा. दोनला काही नवं नसेल तरी दोनला मेसेज गेलाच पाहिजे. आपण काम पूर्ण झाल्यावर सांगतो, त्यांना मधेमधे कळत राहायला हवं असतं. दोन दिवस काहीच आलं नाही तर काम अडलं असं धरून चालतात.

'होईल, बघते' हे शब्द तर पूर्ण टाळा. तिथे ती तारीख लिहून घेतली जाते. जमणार नसेल तर 'शुक्रवारी नाही, मंगळवारी, आणि कारण हे' असं सांगा. उलट त्यांच्याकडून 'तपासून पाहतो' आलं आणि तारीख आली नाही, तर तो बहुतेक नकार समजा आणि जबाबदार माणसाला एकट्याला गाठून विचारा.

पुण्यातल्या टीमला आत्ताच एक सांगून ठेवा. कोरिया साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळी साडेआठला आकडे मागितले तर इथे पहाटेचे पाच वाजलेले असतात. रोजचे टेस्ट रिपोर्ट आदल्या संध्याकाळी तुमच्या मेलमध्ये आलेले असू द्या.