मदत हवी आहे: स्वीडनच्या ट्रेकसाठी गॅस की स्पिरिटचा स्टोव्ह?

नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं स्वीडनमधला कुंग्सलेडेन हा लांब पायवाटेचा ट्रेक करतोय, आबिस्को ते निक्कालुओक्ता, साधारण 105 किमी. गाडं अडलंय ते स्टोव्हवर.

सह्याद्रीत आम्ही लांबट ब्यूटेन कॅनवाला स्टोव्ह नेतो. पण शुद्ध ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, आणि तिथे रात्री पारा तेवढा उतरू शकतो. म्हणजे आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा, आट्यांचा कॅन हवा. विमानात कुठलंच इंधन चालत नाही, ते तिथेच घ्यावं लागणार.

दुसरा पर्याय ट्रांगिया, तिथलाच स्पिरिटचा स्टोव्ह. वाऱ्यात दम धरतो, बिघडायला त्यात काही नाही. पण पाणी उकळायला वेळ घेतो आणि उन्हात ज्योत दिसत नाही, हे जरा धास्तीचंच. माझा कल तरी गॅसकडे आहे. (प्रायमसही मूळचा स्वीडनचाच, पण रॉकेल आणि पिन आता नको!)

कुणी केलाय का हा ट्रेक? आबिस्कोत सीझनअखेर कॅन मिळतात, की आधी किरुना शहरातच घ्यावेत? दोघांचा दोन वेळचा चहा, सकाळचा उपमा आणि रात्रीची खिचडी धरून 230 ग्रॅमचे किती लागतील? आणि वापरलेला बर्नर चेक-इनमध्ये नेताना मुंबईला कुणाला अडवलंय का?