घरात प्रत्यारोपणाचे रुग्ण असताना एकट्याने शिकारीला जावे का?

प्रेषक: मंडळाचा एक सदस्य

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझ्या थोरल्या बहिणीचे मूत्रपिंड प्रत्यारोपण नुकतेच झाले. मूत्रपिंड भावोजींनीच दिले, त्यामुळे एकाच घरातली दोन माणसे एकाच दिवशी शस्त्रक्रियेला गेली आणि मागचे सगळे पाहण्याची जबाबदारी माझ्यावर आली. दोघेही आता घरी आहेत आणि ताईचे क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करते का हे दाखवणारी रक्तातली पातळी) चांगले उतरले आहे. तिला तपासणीला नेणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, वजन आणि ताप यांची नोंद ठेवणे ही कामे सध्या मीच करतो, कारण भावोजींना अजून जड उचलण्याची आणि गाडी चालवण्याची परवानगी नाही.

यंदा हरणाच्या शिकारीचा परवाना मला सोडतीत मिळाला असून त्याची मुदत याच महिन्यात संपते. मी नेहमी एकटाच, दोन रात्रींसाठी जातो. पहाटेच्या अंधारात मचाणावर बसून उजाडण्याची वाट पाहताना मन जसे स्थिर होते तसे ते मला दुसरीकडे कुठेच सापडत नाही, आणि इतक्या दिवसांच्या धावपळीनंतर त्याची गरज मला फार वाटते आहे. ताई आणि भावोजी दोघेही जाऊन ये म्हणतात. आई मात्र फोनवर म्हणाली, की बहीण अशा अवस्थेत असताना तुझा पाय घरातून निघतो तरी कसा, आणि तेव्हापासून माझे मन द्विधा झाले आहे. अशा प्रसंगातून गेलेल्यांनी किंवा या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी मोकळेपणाने सल्ला द्यावा, ही विनंती.

प्रेषक: मंडळाची एक सदस्या

मंडळात तुम्ही सगळे मला काकू म्हणता, म्हणून थोड्या अधिकाराने लिहिते. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे वेळापत्रक सांभाळणे हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे. शिकार करावी की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत आणि माझेही मत आहे, पण तो विषय मी इथे काढत नाही.

तुझ्या आईंची काळजी मला समजते, परंतु थकलेला माणूस दोन दिवस दूर गेल्याने रुग्णाचे काही बिघडत नाही. त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला कामाची नीट माहिती नसेल, तर बिघडते. म्हणून जावे की नाही हे ठरवण्याआधी, त्या दोन रात्री तुझी जागा कोण घेणार आणि तुला जे ठाऊक आहे ते त्याला ठाऊक आहे का, याचे उत्तर शोध.

हे इतके आग्रहाने सांगण्याचे कारण असे. 1954 साली बॉस्टनमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, त्यामुळे नवा अवयव परका ठरण्याचा प्रश्न तिथे आलाच नाही. ताईंना मूत्रपिंड मिळाले आहे ते पतीकडून, आणि ते टिकण्याची सारी भिस्त औषधांवर आहे. टॅक्रोलिमस हे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणूनचे औषध दर बारा तासांनी, ठरल्या वेळी, एकही मात्रा न चुकवता घ्यावे लागते. रक्तातली त्याची पातळी तपासायची असेल त्या सकाळी मात्र गोळी आधी घ्यायची नसते. ती बरोबर न्यायची, रक्त दिले की मगच घ्यायची. बदली आलेला माणूस नेमका इथे गोंधळतो: रोजच्या सवयीने सकाळीच गोळी देतो, पातळी खोटीच वाढलेली दिसते आणि त्यावरून मात्रा कमी केली जाण्याचा धोका निर्माण होतो. ही गोष्ट कागदावर लिहून औषधांच्या डब्याला चिकटवून ठेव.

अवयव नाकारला जाण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. लघवीचे प्रमाण कमी होणे, एका दिवसात वजन एकदम वाढणे, पावलांना सूज, 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, ओटीपोटाच्या ज्या बाजूला नवे मूत्रपिंड बसवले आहे तिथे दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळपर्यंत थांबायचे नाही. तुझ्या जागी थांबणाऱ्या व्यक्तीला गाडी चालवता आली पाहिजे आणि प्रत्यारोपण विभागाचा रात्रीचा फोन क्रमांक तिच्याजवळ असला पाहिजे. भावोजींवर हे सोपवू नकोस. ते दाते आहेत, पण त्यांच्याही पोटावर ताज्या जखमा आहेत, आणि अशा घरात दात्याच्या दुखण्याकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते, हे मी वारंवार पाहिले आहे. मूत्रवाहिनीत ठेवलेला स्टेंट, म्हणजे बारीक नळी, साधारणपणे चार ते सहा आठवड्यांनी काढतात. ती तारीख तुझ्या सुट्टीच्या आसपास येत असेल तर मात्र तू जाऊ नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा तू परत येशील तेव्हाचा आहे. ताईंची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी केलेली आहे. हरणाच्या मांसात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी असू शकतो. रानडुकराच्या आणि हरणाच्या मांसातून हिपॅटायटिस ई होऊ शकतो, आणि निरोगी माणसात आपोआप बरा होणारा हा आजार प्रत्यारोपणाच्या रुग्णात यकृतात ठाण मांडून बसतो, हे 2008 साली प्रथम नीट नोंदवले गेले. शिशाची गोळी हाडावर फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच दूरपर्यंत मांसात पसरतात, आणि शिसे मूत्रपिंडाला घातकच. तेव्हा हे मांस यंदा ताईंच्या स्वयंपाकघरात येऊच नये. तुझ्याच घरी ठेव, सुऱ्या आणि कापायची फळीही वेगळी ठेव. कुजलेल्या पानांत आणि ओल्या मातीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, म्हणून बूट आणि कपडे त्यांच्या दारापर्यंतही नेऊ नकोस. अंघोळ करून, अंगावर गोचीड नाही हे तपासून मगच त्यांना भेटायला जा.

आणि एक शेवटचे विचारते. ताई आणि भावोजी दोघांनी एकत्र बसून तुला होकार दिला, की वेगवेगळा? आपल्यासाठी इतके केले त्याला नाही कसे म्हणायचे, या संकोचाने रुग्ण होकार देतात. प्रत्येकाशी एकेकट्याने बोल, आणि मनात भीती असेल तर ती सांगायला पुरेसा वेळ दे.

प्रेषक: मंडळाचे एक ज्येष्ठ सदस्य

काकूंनी घरची बाजू पूर्ण मांडली आहे, मी फक्त रानातल्या बाजूबद्दल लिहितो.

शिकारीत बार टाकल्यानंतर वेळ आपल्या हातात राहत नाही. जनावर जागेवर पडले नाही तर अर्धा तास थांबून रक्ताचा माग काढावा लागतो, आणि घायाळ जनावर तसेच सोडून परतणे कोणत्याही शिकाऱ्याला शोभत नाही. संध्याकाळी बार टाकलात तर माग काढणे, जनावर साफ करणे आणि ओढून गाडीपर्यंत आणणे यांत मध्यरात्र होऊ शकते, आणि नेमक्या त्याच वेळी घरून निरोप आला तर तुम्ही धर्मसंकटात सापडाल. म्हणून यंदा फक्त सकाळीच बसा आणि दुपारनंतर बंदूक पेटीतून बाहेर काढू नका.

मचाणावरून पडणे हे शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे एक मोठे कारण आहे, आणि थकलेला माणूस मचाणावर पेंगतो. सुरक्षा पट्टा पहिल्या पायरीपासून बांधलेला असू द्या, आणि बंदूक रिकामी करून दोरीनेच वर घ्या. मोबाइल चालत नसेल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भाड्याने घ्या, आणि तुमची नेमकी जागा व परतण्याची वेळ घरच्यांखेरीज आणखी एकाला लिहून द्या. दोन रुग्णांच्या घरात तिसरा रुग्ण होणे तुम्हाला परवडणारे नाही.

प्रेषक: मंडळाचा एक सदस्य

काकू आणि काका, आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे.

काकूंच्या सांगण्यावरून दोघांशी वेगवेगळे बोललो. भावोजी निःशंक होते. ताई आधी काही बोलली नाही, मग म्हणाली की दिवसा तिला चिंता वाटत नाही, पण रात्री ताप आला तर भावोजी जखमेची पर्वा न करता स्वतःच गाडी काढतील, याची तिला भीती वाटते. हे तिने मला आधी कधीच सांगितले नव्हते. स्टेंट काढण्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा ती अडचण नाही.

मी असे ठरवले आहे की दोन रात्रींऐवजी एकच रात्र जायचे, शनिवारची आणि रविवारची सकाळ तेवढी मचाणावर बसायचे आणि रविवारी दुपारी परतायचे. शनिवारी रात्री ताईकडे मुक्कामाला कोणी मिळाले नाही तर परवाना तसाच जाऊ द्यायचा. आईलाही हे सगळे समजावून सांगितले. तिचे पूर्ण समाधान झालेले नाही, पण रात्री घरात कोण असेल हे कळल्यावर आपण त्या व्यक्तीशी फोनवर बोलू, असे ती म्हणाली आहे.

तेव्हा मंडळातील ज्यांना गाडी चालवता येते, ज्यांना सध्या सर्दी, खोकला किंवा ताप नाही आणि ज्यांच्या घरातही कोणी आजारी नाही, अशांपैकी कोणी शनिवारी दुपारपासून रविवारी संध्याकाळपर्यंत ताईकडे राहू शकेल का? औषधांचे वेळापत्रक, विभागाचा रात्रीचा क्रमांक आणि कोणत्या लक्षणांवर लगेच निघायचे याची यादी मी लिहून ठेवली आहे. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्यक्ष भेटून सर्व समजावून देईन, म्हणून कृपया गुरुवारपर्यंत कळवावे.