चित्रकथी बघून मुलं नुसतं "छान आहे" म्हणतात, काय करावं?

प्रश्न (कुडाळ)
नववीच्या 24 मुलांना पिंगुळीला ठाकर आदिवासी कला आंगण या संग्रहालयात चित्रकथी (गोष्ट गाऊन सांगताना दाखवायची चित्रं) बघायला नेतोय. मुलं भराभर पुढे सरकतात, फोटो काढतात, विचारलं की "छान आहे" म्हणून मोकळी. चित्रात त्यांना स्वतःच्या मनातलं काही सापडावं, यासाठी नेमकं काय करून घ्यावं?

उत्तर 1
चित्रं कमी करा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या पाहणीत (2001) लोक एका कलाकृतीसमोर सरासरी 27 सेकंद थांबत होते. मोठ्यांची ही तऱ्हा, मग मुलांना काय बोलायचं!

दोनच चित्रं, प्रत्येकी 10 मिनिटं. पहिली 3 मिनिटं गप्प. मग वहीत लिहायचं: नजर आधी कुठे अडकली, कुणाशेजारी उभं राहावंसं वाटतं, कुणापासून लांब. थेट "भावना लिहा" म्हणालात तर परीक्षेतली उत्तरं येतील. भावनेचा शब्द शेवटी. 'छान', 'मस्त' बाद. पेन्सिलच द्या, कागदी चित्रांजवळ शाई नको. आणि गोष्ट आधी सांगू नका, सांगितली की मुलं तेवढंच बघतात.

उत्तर 2
गोष्टीबद्दल अर्धंच पटलं. चित्रकथी भिंतीवर टांगायची कला नव्हे. पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून वीणा, टाळ, हुडुक्याच्या साथीने प्रसंग गायचा. चेहरे बहुतेक एका बाजूने, डोळे टपोरे, पण त्यावर रडू-हसू फारसं नाही. मुलं तोंडाकडे बघतात आणि "काही कळत नाही" म्हणतात. हात बघायला सांगा. शोक, राग पुष्कळसा गाणाऱ्याच्या आवाजात असतो. म्हणून दोन फेऱ्या करा: आधी मुकं चित्र, मग तेच गाण्यासकट. दोन्ही वेळा शब्द लिहून घ्या. शब्द बदलला असेल, तिथे चर्चा थांबवा.

भट्टनायकाचं साधारणीकरण (संस्कृत रसशास्त्रातला विचार: कलेतली भावना कुणा एकाची न राहता सगळ्यांची होते) वर्गात नको, पण तुम्ही वाचून जा. दुःख चित्रातल्या रामाचंही उरत नाही आणि माझ्या एकट्याचंही, म्हणून तर करुण रस चाखता येतो.

उत्तर 3
वह्या मोठ्याने वाचायला लावू नका. कुणाच्या घरी नुकतंच काही घडलेलं असतं. मूल रडवेलं झालं तर सगळ्यांदेखत कारण विचारू नका. एकाने बाहेर नेऊन पाणी द्यावं, बस्स.

24 जण एका चित्रासमोर मावणार नाहीत, 8-8 चे गट करा. चित्रावरच्या काचेत खिडकीचा उजेड आणि स्वतःचंच थोबाड दिसत असेल (स्वतःला बघणं ते हे नव्हे!) तर तिरकं उभं करा.

पुढे रत्नागिरीला थिबा राजवाड्यात न्याल तेव्हा मात्र क्रम उलटा. 1885 साली ब्रह्मदेशातून हद्दपार झालेला राजा 1910 साली बांधलेल्या या वाड्यात राहिला आणि 1916 साली रत्नागिरीतच वारला, हे आधी सांगा. नाहीतर मुलं खोल्या मोजत फिरतील.