मदत हवी आहे: डेबियनच्या ग्रबमधून फेडोरा कसं बूट करावं?

एकाच एसएसडीवर डेबियन १२ आणि फेडोरा या दोन लिनक्स सिस्टिम आहेत, ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल असलेला डिस्कचा भाग) सामाईक, ५१२ एमबीचं. मेन्यू डेबियनचा ग्रब (सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर) दाखवतो. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम) मुळातच बंद असतो. तो चालू करून अपडेट-ग्रब (मेन्यूची यादी नव्याने बनवणारी कमांड) चालवलं की फेडोरा यादीत येतं. खरी गोची पुढे आहे. फेडोरात नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आला तरी डेबियनच्या यादीला त्याचा पत्ता नसतो. डीएनएफ (फेडोराचा पॅकेज मॅनेजर) ठरावीकपणे तीनच कर्नल ठेवतं, त्यामुळे काही अपडेटनंतर यादीतली जुनी नोंद निवडली की फाइल सापडत नाही आणि बूट तिथेच अडकतं. दर वेळी डेबियनमध्ये जाऊन अपडेट-ग्रब चालवणं म्हणजे नसता उपद्व्याप.

म्हणून ४०_कस्टम (ग्रबमध्ये स्वतःच्या नोंदी घालायची) फाइलमध्ये फेडोराच्या 'शिम'ला (ग्रबच्या आधी चालणारा, सह्या तपासणारा छोटा लोडर) चेनलोड करणारी, म्हणजे बूटचं काम थेट त्याच्याकडे सोपवणारी नोंद घातली. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) बंद असताना ती व्यवस्थित चालते. चालू ठेवून ओएस-प्रोबरची नोंद निवडली तर शिमची सही चुकीची असल्याची एरर येते; डेबियनच्या शिमला फेडोराची सही तपासायची किल्ली माहीत नाही, तेव्हा ते साहजिकच.

सिक्युअर बूट चालू ठेवून चेनलोड कोणी बिनघोर वापरतंय का? की ईएफआयबूटमॅनेजरने (बूटचा क्रम बदलणारी कमांड) फेडोराचा ग्रब पहिला लावून तिथून डेबियन बूट करणं जास्त टिकाऊ? सिक्युअर बूट बंद करायचा सल्ला कृपया नको.