उत्तर: पेट-सीटी झालंय, मग पुन्हा सीटी कशाला?

एकाने विचारलंय, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये पेट-सीटी झालेलं असताना रेडिएशनआधी पुन्हा सीटी का, नुसते पैसे काढायला? तसं नाहीये, दोन्हींची कामं वेगळी.

पेटमध्ये साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचतात. गाठ ते जास्त ओढून घेते. गाठीने श्वासनलिका तुंबून पुढचं फुफ्फुस आक्रसलं असेल, तर साध्या सीटीत दोन्ही एकसारखं करडं दिसतं. गाठ नेमकी कुठे संपते ते पेटवर बरंच स्पष्ट होतं.

पण गाठ एका जागी थांबते कुठे! श्वासाबरोबर हलते, छातीच्या पडद्याजवळची तर कधी १ सेंटिमीटरहूनही जास्त. म्हणून फोर-डी सीटी, म्हणजे श्वासाबरोबरची हालचालही टिपणारं सीटी. उपचाराच्या वेळी झोपवतात तसंच, हात डोक्यावर घेऊन झोपवायचं आणि एका श्वासाचे साधारण १० टप्पे टिपायचे. गाठ जिथे जिथे जाते तेवढीच जागा आखायची. उगाच मोठा घेर धरला तर चांगलं फुफ्फुस भाजतं.

आपल्याकडे एक गोम आहेच: टीबीच्या गाठीही पेटवर चमकतात. त्यामुळे छातीच्या मध्यभागी काही चमकलं की लगेच कॅन्सर पसरला असं धरू नका. सुईने तुकडा काढून तपासायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.